‘टाकलेली’ या शब्दाला माझी हरकत

सोलापूर,
ता. ११ फेब्रुवारी १९७४

शिवलिंगप्पा,

थोरल्या बहिणीनं पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. आज शाई त्यासाठी काढलेली नाही. इतकी वर्षं तुला ओळ लिहिली नाही आणि पुढेही लिहिणार नव्हते. पण तू पुण्यात बसून लिहिलेलं माझ्या मागच्या दारात येऊन माझ्या माणसाच्या मानगुटीवर बसलं, तेव्हा गप्प राहणं जमेना.

घडलं ते आधी ऐक. माझ्या खानावळीच्या मागच्या दाराशी गंगम्मा येते. तू तिला पाहिलेलं नाहीस. हातगाडी ढकलत गल्लोगल्ली फिरते आणि लोकांना नको झालेलं घेऊन जाते. मागांच्या शेडमधला सुताचा गुंता, रद्दी, बाटल्या, डबे. गुंता गॅरेजवाले मशीन पुसायला घेतात, रद्दीच्या पुड्या होतात, बाटल्या धुऊन पुन्हा दुकानात जातात. त्यावर तिची चूल पेटते. माझ्याकडचं सगळं मी आधीच वेगळं काढते. पत्रावळी शेळ्यांना, राख भांड्यांना, आणि कोरडं ते गंगम्माच्या पोत्यात. पोतं पहाटे पायरीवर ठेवून देते. त्या वेळी माझे हात पिठात असतात, आणि गंगम्मा हाका मारत उभी राहिली की जेवणाऱ्यांना तिच्या शिव्या फुकट मिळतात. तोंडाची लई वाईट बाई आहे. हे मी तिची बाजू घेऊन लिहिते आहे, तरीही लिहिते.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली आणि गावात नवा नियम आला. सगळा केर एका ठेकेदाराकडे. परवा गंगम्मा माझं पोतं गाडीत घालत होती, तेवढ्यात ठेकेदाराचा मुकादम सिद्धाराम म्युनिसिपाल्टीच्या कचेरीतल्या शिपायाला घेऊन आला. त्यानं तिला मराठीत दरडावलं, “हे कसं?”

आता गंगम्माच्या घरची बोली कानडी. आपली आई केर काढताना काय म्हणायची आठवतं ना? कस. केराला कानडीत कसच म्हणतात. गंगम्माच्या कानावर पडलं ते ‘हे कस?’ म्हणजे हा केर आहे का? ती म्हणाली, “व्हय की. कसच हाय.”

“काय हाय?”

“कस, कस! सकाळच्यापारी कानात बोळं कोंबून आलास व्हय रं?”

सिद्धाराम आपल्यातलाच. विचारताना मराठीत विचारलं आणि ऐकताना कानडीत ऐकलं. शिपायाकडं वळून म्हणाला, “लिव्हा, कचरा हाय म्हणती.” शिपायानं लिहिलं, ‘सदर बाईने माल कचरा असल्याचे कबूल केले.’ गाडी जप्त, पोतं जप्त.

मी पिठाच्या हातांनी बाहेर धावले. म्हटलं, “अरे, पोतं माझं आहे. मी ठेवलंय.”

सिद्धाराम म्हणाला, “अक्का, उंबऱ्याच्या भाईर आलं की ते टाकल्यालं. मी न्हाय म्हणत, नियम म्हणतोय.”

मी तशीच कचेरीत गेले. तिथला कारकून हरिदास माझ्याकडे दोन्ही वेळ जेवतो, म्हणून त्यानं नियम वाचून दाखवला. ‘घराच्या अगर इमारतीच्या बाहेर टाकलेली प्रत्येक वस्तू टाकताक्षणी कचरा समजण्यात येईल व तिजवर अन्य कोणाचाही हक्क राहणार नाही. अशी वस्तू उचलणारा इसम शिक्षेस पात्र राहील.’ मी म्हटलं, कोणत्या रेड्यानं लिहिलं हे? हरिदास खाली बघायला लागला. म्हणाला, “मूळ इंग्रजीत होतं, अक्का. आता सगळं मराठीत हवं ना. मराठी पुण्याच्या वकिलांकडून करून घेतलं.” नाव काही सांगेना. मग कागद उलटा करून तळाची सही दाखवली.

लहानपणी तू पाटीवर अक्षरं काढायचास आणि मी शेजारी भाकरी थापत ती उचलायचे. शाळा मला तेवढीच. त्यामुळं तुझा ‘शि’ मी कुठंही ओळखते.

टाकलेली! अप्पा, मराठीत दुसरा शब्दच सापडला नाही तुला? की हा तोंडात बसलेलाच होता, म्हणून आपसूक कागदावर उतरला?

एप्रिलमध्ये कचेरीची सभा आहे. नियमात दुरुस्त्या सुचवायच्या असतील तर ऐकून घेणार आहेत. त्याआधी हा शब्द बदल. तू लिहिलास, तूच पूस.

काशम्मा


सोलापूर,
ता. २४ फेब्रुवारी

शिवलिंगप्पा,

कार्ड मिळालं. ‘कायद्याच्या भाषेस भावना नसतात. टाकलेली हे केवळ विशेषण आहे. पर्यायी शब्द असल्यास कळवावा.’ संपलं. घरात माणसं कशी आहेत हे न विचारता कार्ड संपवायची विद्या पुण्यात शिकवतात काय?

आणि पत्त्यात माझ्या नावाआधी कोरी जागा. मी ती बोटानं मोजली, बरोबर ‘सौ.’ मावेल एवढी. सौभाग्यवती लिहावं तर नवरा कुठं आहे? गंगाभागीरथी लिहावं तर तो मेल्याची खबर कुठं आहे? ‘श्रीमती’ तुला सुचलं नाही. पोस्टमन कार्ड देताना म्हणाला, “अक्का, हितं शाई संपली वाटतं लिव्हणाऱ्याची.” मी म्हटलं, हो बाबा, पुण्यात शाईची टंचाई आहे.

केवळ विशेषण. बरं. तो आणि मी, हे प्रकरण मी कुणाजवळ काढत नाही, तुझ्याजवळही काढणार नाही. एवढंच सांगते की दुधनीच्या फलाटावर माणूस “पाणी घेऊन येतो” म्हणून गेला की आपण ट्रंकेवर बसून राहतो. गाडी सुटते. दुसरी येते. मग स्टेशनमास्तर येऊन विचारतो, बाई, कुणाची वाट बघता? तोवर आपण कुणाची तरी बायको असतो. त्यानं विचारल्यावर विशेषण लागतं.

ते परक्यानं लावलं. ते मी सोसलं. तुझ्या लेकीच्या, विजयाच्या लग्नात अकलूजच्या व्याह्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, “या कोण?” तू म्हणालास, “आमची थोरली. टाकलेली आहे.” तू हळूच म्हणालास, हे मी नाकारत नाही. पण मांडवातला लाउडस्पीकर नेमका तेव्हाच बंद पडला होता. अख्ख्या पंगतीनं ऐकलं. मी पानावरून उठले, पिशवी घेतली, स्टेशनवर आले. पानात सगळं वाढून झालं होतं. मी घासही तोडला नव्हता. उष्टं नव्हतं ते. कुणाच्या तरी तोंडी लागलं, की तेही टाकलं?

शब्द शोधते आहे.

काशम्मा


सोलापूर,
ता. १७ मार्च

अप्पा,

शब्द सापडला. पण आधी गंगम्माचं सांगते, नाहीतर माझा राग कुठून येतो हे तुझ्या कायद्याच्या भाषेला कळायचं नाही.

गाडी नाही तर ती डोक्यावर पोतं घेऊन फिरू लागली. गल्लीत सिद्धारामची माणसं हाकलतात, म्हणून गावाबाहेर, जिथं ठेकेदाराच्या गाड्या केर ओततात तिथं जाऊ लागली. तिथं सगळं एकत्र करून पेटवतात. सूत, कागद, चिंध्या, भाजीचे देठ, मेलेलं कुत्रं, सगळं एका चितेवर. वारा इकडचा असला की धूर माझ्या चुलीपर्यंत येतो, आणि गिऱ्हाईक विचारतं, अक्का, आमटी करपली काय? जळत्या ढिगातून सुताचा गुंता ओढताना गंगम्माच्या उजव्या तळव्याची सालपटं निघाली. सूत पेटलेलं दिसत नाही, आतल्या आत धुमसतं. मी तिला घरी आणलं, हळद-तेल लावलं, म्हटलं, हात बरा होईतो इथंच राहा, दोन भाकरी खा.

ती म्हणाली, “मला भाकरी नको अक्का. गाडी दे.”

“गाडी मी कुठून देऊ?”

“मग भांडी तरी दे घासायला. फुकट खाऊन पोट दुखतंय माझं.”

आता डाव्या हातानं भांडी घासते. वाईट घासते. मी पुन्हा घासते आणि बोलत नाही. गिऱ्हाइकांनी ताटात भाकरी टाकून दिली की हात धुवायच्या मोरीपर्यंत त्यांच्या मागं जाते. “पोटात मावत न्हाय तर मागतोस कशाला? तुजी आई ह्येच शिकवली?” गिरणीतले दांडगे गडी, पण आता मागताना अर्धीच भाकरी मागतात. खरकट्याचं घमेलं पहिल्यासारखं भरत नाही. केर कमी करायचा असा एक नियम माझ्या घरात तरी चालू झाला, आणि त्याला वकील लागला नाही.

एवढा चांगला माल जाळतात कशाला, हे मला कळत नव्हतं. हरिदासनं जेवता जेवता सांगितलं. ठेकेदाराला बिल मिळतं ते खेपेवर. जितक्या गाड्या ओतल्या तितकं बिल. गंगम्मासारख्या बायांनी गल्लीतच वेचून नेलं तर गाड्या भरतील कशा? एकदा तर गाडीत निम्मी माती होती म्हणे. मी त्याला म्हटलं, अरे मग गल्ली स्वच्छ दिसली की बिल, असा नियम का करत नाहीत? ज्याचं पोट केरावर आहे तो केर कमी होऊ देईल का? हरिदास म्हणाला, “अक्का, आमटी वाढा.”

हेही मी सभेत सांगणार आहे. अर्ज दिला आहे, बोलायची परवानगी मिळाली आहे.

आणि शब्द सांगते. भात निवत ठेवला होता तेव्हा सुचला. मी सिद्धारामला पहिल्या दिवशीच काय म्हटलं होतं? ‘मी ठेवलंय.’ पोतं मी टाकलं नाही, ठेवलं. टाकताना माणूस वळून बघत नाही. ठेवताना हात हळू होतो. तर नियमात असं लिहा : घरच्या माणसाने वेगळी ठेवलेली वस्तू कचरा समजू नये. टाकलेलीच्या जागी ठेवलेली. चार अक्षरांत गंगम्माची गाडी सुटते. मला इतका आनंद झाला की तुझ्यावरचा राग मी तासभर विसरले.

हा शब्द चालेल का, वकील म्हणून सांग. सभेच्या आधी कार्ड टाक. भाऊ म्हणून काही लिहायची जरूर नाही.

काशम्मा


सोलापूर,
ता. २० एप्रिल

शिवलिंगप्पा,

तुला ठाऊक होतं.

मी महिनाभर कार्डाची वाट पाहिली. तू वकील आहेस. माझं पत्र वाचताक्षणी तुला कळलं असणार. दहा पैशाचं कार्ड, त्यावर एकच ओळ, ‘अक्का, हा शब्द सभेत उच्चारू नको.’ एवढं तुझ्यानं झालं नाही. की घरात बसून हसलास? वहिनीला वाचून दाखवलंस?

काल सभा झाली. वर पंखे फिरत होते आणि खाली सगळे घामानं निथळत होते. मी इस्त्रीचं इरकल नेसून गेले होते. गंगम्मा बरोबर होती, तळव्याला फडकं बांधलेलं. माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि चांगल्या खणखणीत आवाजात, जसं आठवडाभर चुलीपुढं घोकलं होतं तसं म्हटलं, “अध्यक्ष महाराज, टाकलेली आणि ठेवलेली यांत फरक आहे. टाकलेली कचेरीनं खुशाल न्यावी. पण ठेवलेलीला कचरा म्हणू नका.”

आधी एक जण खोकला. मग मागच्या बाकावरून कुणीतरी फसकन हसलं. आणि मग एक मेंबर, पांढरी टोपी, तोंडात पान, खुर्चीत मागं रेलून म्हणाला, “अक्का, तुम्ही टाकलेली का ठेवलेली, ते आधी ठरवून या की!”

सगळं सभागृह हसलं. अध्यक्षांनी रुमाल तोंडाला लावला. हरिदास कारकुनाच्या टेबलाशी बसला होता, त्यानं मान इतकी खाली घातली की मला त्याची शेंडीच दिसली.

तेव्हा कळलं मला. माझ्या डोक्यात तोवर फक्त पोतं होतं, अप्पा. ज्वारीचं पोतं, सुतळीनं तोंड बांधलेलं. बाई नव्हतीच डोक्यात. बाईला टाकलं तर टाकलेली, सांभाळलं तर ठेवलेली. भाषेनं आमच्यासाठी दोनच खोल्या बांधल्या आहेत आणि दोन्हींना दार बाहेरून. मी कागद घडी करत होते, उलटा सुलटा, घडी बसेना. कुणीतरी म्हणालं, “बसा आता मावशी.”

मी बसले. गंगम्मा उठली.

तिला बोलायची परवानगी नव्हती. अध्यक्ष म्हणाले, “बाई, तुमचा अर्ज नाही.”

“अर्ज न्हाय साहेब, हात हाय,” म्हणून तिनं फडकं सोडलं आणि तळवा वर केला.

तो पानवाला मेंबर तोंड वाकडं करून म्हणाला, “ए बाई, झाक ते. आम्ही निवडून आलेली माणसं आहोत. कचऱ्याचं ऐकायला बसलो नाही इथं.”

गंगम्मा म्हणाली, “निवडून? मग आमचा माल तरी काय येगळा हाय? त्यो बी निवडूनच आल्याला हाय की! घाणीतनं येकेक करून मी निवडत्ये. तुमास्नी तर लोकांनी डोळे मिटून निवडलं, मी उघड्या डोळ्यांनी निवडत्ये. खराब निघालं तर बाजूला टाकत्ये बी!”

शिवा, काय हसले सगळे! पण ह्या वेळी हसणं दुसऱ्या बाजूला वळलं. पानवाल्याच्या शेजारचा मेंबर तर बाक बडवत होता. मागून कुणीतरी तेलुगूत काहीतरी ओरडलं, ते कळलेल्यांनी आणखी हसून घेतलं. पानवाला लाल झाला, पानामुळं असेल.

मी पुन्हा उभी राहिले. म्हटलं, “अध्यक्ष महाराज, माझा शब्द मी परत घेते. हिचा घ्या. निवडलेली. आम्ही बाया डाळ निवडतो, भाजी निवडतो, तांदूळ निवडतो. निवडलेली डाळ कुणी उकिरड्यावर नेत नाही. घरच्यांनी किंवा हिच्यासारखीनं निवडून वेगळी केलेली वस्तू कचरा नव्हे, एवढं लिहा. आणि ठेकेदाराला खेपेवर बिल देऊ नका, गल्ली स्वच्छ दिसेल तेव्हा द्या, म्हणजे केर कमी झालेला त्यालाही आवडेल.”

अध्यक्षांनी रुमाल खिशात ठेवला. शब्द बरा आहे म्हणाले. पण मराठी मसुदा ज्या वकिलांनी केला त्यांचं लेखी मत आल्याशिवाय व्याख्येला हात लावता येत नाही. मत मे अखेर मागवायचं. दुसरी सूचना, बिलाची, ती म्हणे ‘विचारार्थ ठेवली’. ठेवलेलीचं काय होतं ते मला त्या सभागृहानं नुकतंच शिकवलं होतं.

तेव्हा आता चेंडू तुझ्या हातात आहे. तुझ्याकडं कचेरीचं पत्र येईल. दोन ओळी लिहायच्या आहेत. मला नाही, कचेरीला. त्या लिहिल्या नाहीस तर गंगम्माची गाडी जप्तीच्या आवारात कुजेल, आणि ती पुन्हा त्या जळत्या ढिगाकडं जाईल. जाईलच. मी तिला ओळखते. तिच्या हातातलं सूत आतून पेटलेलं असेल आणि ते पेटवणारा तू असशील.

एकदा बहिणीला भर पंगतीत उभं केलंस, दुसऱ्यांदा भर सभेत. तिसऱ्यांदा मी तुला मागायला येणार नाही.

काशम्मा


सोलापूर,
ता. ९ जून

अप्पा,

तुझं मत कचेरीत आलं. हरिदासनं नक्कल करून आणली आणि आमटीच्या वाटीशेजारी ठेवली. ‘घरमालकाने अगर परवानाधारक इसमाने निवडून वेगळी केलेली वस्तू कचरा या व्याख्येत मोडत नाही.’ निवडून वेगळी केलेली. गंगम्माचा शब्द, जसाच्या तसा, तुझ्या सहीवर. ‘टाकलेली’ आता फक्त खऱ्याखुऱ्या टाकलेल्यापुरती उरली. सभेनं ते मंजूर केलं. पानवाल्या मेंबरानंही हात वर केला.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? मी महानंदेला, माझ्याकडं भाकऱ्या करते ती पोरगी, तिला म्हटलं, आज सगळ्यांना शेंगाचटणी जास्त वाढ. मग नक्कल पुन्हा वाचली. ‘परवानाधारक’ ह्या शब्दावर अडकले. खाली तुझी टीप होती, ‘परवाना कायम पत्ता असलेल्या इसमासच द्यावा.’

कायम पत्ता! गंगम्माचं रुळाच्या पलीकडं पत्र्याचं खोपट, त्याला नंबर नाही, गल्लीला नाव नाही. तुला वकील म्हणून हवं असेल, कोण निवडतं हे कळायला हवं, सिद्धारामनंच उद्या गाडीभर माल ‘निवडलेला’ म्हणून नेला तर? मला तेही कळतं. मी अगदीच चुलीपुढची नाही. पण लिहिताना एकदा तरी विचार करायचास की, ज्यांच्या हाताला हे काम आहे त्यांच्या दाराला नंबर असतो का? एका हातानं दिलंस आणि दुसऱ्यानं कडी लावलीस. पुन्हा रागानं पेटले मी. लागलीच तुला पत्र लिहायला बसले आणि ते फाडलं. तुला विचारून काय होतं ते मी पाहिलंय.

गंगम्माला घेऊन कचेरीत गेले. हरिदास अर्ज भरत होता. नाव, वय, धंदा. पत्ता म्हटल्यावर मी माझा सांगितला. खानावळीचा, नंबरासकट.

तो म्हणाला, “अक्का, मग तुमचं यांच्याशी नातं लिहावं लागेल. भाडेकरू लिहू?”

“भाडं घेत नाही मी.”

“मोलकरीण लिहितो.”

गंगम्मा उसळली, “मोलकरीण तुजी आई! मी भांडी घासत्ये ते पोट दुखतंय म्हणून.”

मी म्हटलं, “बहीण लिही.”

हरिदासनं टाक थांबवला. माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. कारकुनाला खरं तेच लिहावं लागतं ना. हळूच विचारलं, “सख्खी?”

मी म्हटलं, “नाही. निवडलेली.”

गंगम्मा बाकावर बसून विडी शोधत होती. ती म्हणाली, “मला कुनी इचारलं का? ह्या वयात असली किटकिटी भन गळ्यात बांधून घेऊ व्हय?” आणि लगेच म्हणाली, “पर लिव्ह. लिव्ह रं. शाई वाळंल.”

परवाना मिळाला. गाडी सोडवायला गेलो तर एक चाक मोडलेलं. गंगम्मानं जप्तीच्या शिपायाचा जो उद्धार केला तो लिहिण्यासारखा नाही, अर्धा कानडीत होता म्हणून शिपाई वाचला. सुतारानं चाक बसवून दिलं. कालपासून ती पुन्हा गल्लीत आहे. झोपायला मात्र माझ्याकडंच येते, घोरते, आणि सकाळी मलाच म्हणते, तू घोरतीस. खेपेच्या बिलाची सूचना अजून कचेरीत ठेवलेलीच आहे. मी दर सोमवारी जाते. मला बघितलं की शिपाई पाणी आणतो, पण कागद आणत नाही. मी पाणी पिते आणि पुढच्या सोमवारी जाते.

तुझ्या नकलेत माझ्यासाठी एक अक्षर नव्हतं. वरून खालपर्यंत पाहिलं. कागद उलटूनही पाहिला. तू कायद्यातला एक शब्द सुधारलास हे गावासाठी ठीक झालं. पण मांडवातला शब्द कचेरीला दुरुस्त करता येत नाही. तो ज्यानं उच्चारला त्यालाच, तसल्याच भरल्या पंगतीत, तेवढ्याच लोकांपुढं परत घ्यावा लागतो. विजयाच्या घरी पुढं बारसं असेल, कुणाचं लग्न असेल, अकलूजचे व्याही येतीलच. बोलावलंस तर येईन. गंगम्मालाही आणीन. तिथं लाउडस्पीकर बंद पडला तरी चालेल, तिचा आवाज शेवटच्या पानापर्यंत जातो.

तोवर पत्र लिहिणार नाही. आणि हे पत्र नको झालं तर खरकट्यात टाकू नकोस, भिजलेला कागद कुणाच्या कामाचा राहत नाही. कोरडं वेगळं ठेव. तुझ्याही गल्लीतून कुणीतरी गाडी ढकलत जात असेलच.

काशम्मा